रामटेकचा रस्ता आणि आपला ऊस



या पानावर दर अंकात मी बेणे, लागवड, खत-पाणी, खोडवा आणि पाचट यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय जरा वेगळा घेतला आहे. शेतकी खात्याच्या माणसाने रस्त्यावर लिहावे हे कोणाला विचित्र वाटेल. परंतु ऊस शेतात कितीही चांगला पिकला तरी तो गव्हाणीत पडेपर्यंत पैसा होत नाही, आणि शेत व गव्हाण यांच्यामध्ये जे काही असते ते रस्ताच असते.

निमित्त घडले गेल्या हंगामात. गट ऑफिस सकाळी उघडते न उघडते तोच एक वयस्कर सभासद येऊन बाकावर बसले.

"साहेब, ऊस कापून तिसरा दिवस हाय. ट्रॉली रपट्यात फसली ते फसली. टोळी गेली दुसऱ्याच्या वावरात. आता उसाले काय घरी नेऊन ठेवू का जी?"

"काकाजी, रपटा फुटला कधी?"

"दोन पावसाळे झाले. अर्ज देऊन देऊन थकलो. जो तो म्हणते, हा रस्ता आमचा नाही."

त्यांनी पिशवीतून कागद काढून दाखविले. अर्ज तीन ठिकाणी दिलेले, तीनही ठिकाणचे उत्तर एकच. खोटे कोणीच बोलत नव्हते. ज्याचा रस्ता होता त्याच्याकडे अर्ज गेलाच नव्हता, इतकेच. त्या दिवसापासून मनात होते की आपल्या भागातला रस्ता कोठून आला, कसा वाढला आणि आज कोणत्या तुकड्याचा मालक कोण, हे एकदा सविस्तर लिहावे.

रस्ता कोठून कोठे जातो

आपल्या भागाचा मुख्य रस्ता म्हणजे मनसर–रामटेक–तुमसर–तिरोडा–गोंदिया हा रस्ता. नागपूरहून कामठी, कन्हान करीत उत्तरेकडे सिवनी-जबलपूरला जाणारा जो मोठा महामार्ग आहे, त्याला मनसर येथे सोडून हा रस्ता पूर्वेकडे फुटतो. मनसरपासून सहा-सात किलोमीटरवर रामटेक. गडाचा डोंगर आणि गावाची वस्ती मागे टाकून खिंडसी तलावाच्या बाजूने तो पुढे निघतो. नागपूर जिल्ह्याची हद्द संपली की भंडारा जिल्ह्यात कांद्री, जांब, खापा ही गावे घेत तुमसरला पोचतो. तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ. तुमसरपुढे देव्हाडीला मुंबई–हावडा रेल्वेमार्ग, माडगीला वैनगंगा, मग तिरोडा आणि शेवटी गोंदिया.

येथेच एक सूचना करून ठेवतो. आपल्या भागात कांद्री दोन आहेत. एक मनसरजवळचे, मॅंगनीजच्या खाणीचे. दुसरे मोहाडी तालुक्यातले, तुमसरच्या वाटेवरचे. खापाही दोन, एक तुमसरजवळचे आणि एक सावनेर तालुक्यातले. अर्जात नुसते "कांद्रीजवळ रस्ता फुटला" असे लिहिले तर कागद दुसऱ्याच जिल्ह्यात जाऊन पडतो. गावाबरोबर तालुका लिहिलाच पाहिजे.

या मुख्य रस्त्याला दोन्ही अंगांनी लहान रस्ते येऊन मिळतात. रामटेकहून दक्षिणेला नगरधनमार्गे मौदा तालुक्याच्या बाजूला जाणारा रस्ता त्यांपैकी जुना. या लहान रस्त्यांना गावरस्ते मिळतात, गावरस्त्यांना पांदणी मिळतात, आणि पांदणीच्या शेवटी आपले वावर असते. झाडाचे खोड जाड असले म्हणजे झाले असे नाही. मुळी तुटली तर फांदी वाळते. उसाच्या वाहतुकीचे तसेच आहे.

देवाची वाट, राजाची वाट

रामटेकला वाटा फार जुन्या. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांत विदर्भावर वाकाटकांचे राज्य होते. त्यांची राजधानी नंदिवर्धन म्हणजेच आजचे नगरधन, असे अभ्यासक मानतात. तेथील उत्खननात राणी प्रभावतीगुप्त हिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. मनसरच्या टेकडीवर विटांचे मोठे बांधकाम निघाले. तिच्या ताम्रपटात रामगिरीच्या स्वामींचा उल्लेख आहे, आणि हा रामगिरी म्हणजे आपला रामटेकचा गड असे मानतात. म्हणजे नगरधन, रामटेक आणि मनसर या तीन ठिकाणांमध्ये माणसांची ये-जा दीड हजार वर्षांहून जुनी आहे. आज आपण बैलगाडी हाकतो त्या मातीवरून त्या काळीही गाड्या गेल्या असतील.

पुढे अठराव्या शतकात नागपूरला भोसल्यांचे राज्य आले. पहिल्या रघूजी भोसल्यांनी गडावरील मंदिरांचा जीर्णोद्धार केला आणि यात्रा वाढली. रामनवमी आणि कार्तिकातली त्रिपुरी पौर्णिमा या दोन्ही वेळी खेड्यापाड्यांतून माणसे रामटेकला येत, आजही येतात. तेव्हा पक्का रस्ता नव्हता. उन्हाळ्यात गाडीवाट आणि पावसाळ्यात चिखल. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ व धान्य लादून फिरत. वैनगंगेच्या खोऱ्यातला तांदूळ आणि रामटेकच्या पानतांड्यांतली पाने याच वाटांनी बाजाराला जात.

लष्कराचा रस्ता आणि खाणीचा रस्ता

१८१७ साली सीताबर्डीची लढाई झाली. त्यानंतर १८२१ मध्ये इंग्रजांनी कामठीला छावणी वसविली. लष्कराला उत्तरेकडे जबलपूरशी जोडणारा रस्ता हवा होता. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, आणि १८६० च्या दशकात सर रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असताना रस्त्यांच्या कामाला जोर आला. नागपूर–सिवनी–जबलपूर हा उत्तरेचा मोठा रस्ता त्याच काळातला. तो मनसरवरून सरळ उत्तरेला गेला. रामटेक त्याच्या बाजूलाच राहिले. फौजेला जबलपूर गाठायचे होते, रामटेक नव्हे. त्यामुळे मनसर ते रामटेक ही वाट मुख्य रस्त्याची फांदी झाली.

१८६७ साली नागपूरला रेल्वे आली. पुढे १८८७ मध्ये बंगाल–नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि लोहमार्ग पूर्वेला वैनगंगेपलीकडे बंगालपर्यंत गेला. तुमसर, तिरोडा, गोंदिया ही गावे रेल्वेने जोडली गेली. त्यानंतर आपल्या भागाचे नशीब बदलणारी गोष्ट जमिनीखालून निघाली. एकोणिसावे शतक संपता संपता मनसरच्या टेकड्यांत मॅंगनीजची खाण सुरू झाली. पोलाद तयार करण्यास मॅंगनीज लागते, आणि जगभर पोलादाचे कारखाने वाढत होते. खनिज वाहून नेण्यास मार्ग हवा म्हणून रामटेकच्या बाजूला रेल्वेचा फाटा आला. मनसर, कांद्री आणि तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग येथील खाणी आजही चालू आहेत. १९६२ पासून त्या सरकारी कंपनीकडे आहेत, तीच आपण 'मॉईल' म्हणतो.

सभासदांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यात्रेकरूंनी वाट पाडली ती देवासाठी, इंग्रजांनी रस्ता बांधला तो फौजेसाठी, खाणवाल्यांनी मार्ग आणला तो खनिजासाठी. शेतकऱ्याचा माल नेण्यासाठी म्हणून यांतला एकही रस्ता झाला नाही. शेतकरी दुसऱ्याच्या रस्त्यावरून आपली गाडी हाकत राहिला.

१९४३ : नागपूरच्या बैठकीत गाव आले

मोटारी वाढल्या तसे इंग्रज सरकारलाही रस्त्यांचा विचार करावा लागला. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रस्ते बांधणे ही एकट्या स्थानिक संस्थांना झेपणारी गोष्ट नाही, असे समितीने सांगितले. तिच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये पेट्रोलवर जादा कर बसवून रस्ता निधी उभारला गेला, आणि १९३४ मध्ये भारतीय रस्ते काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली.

दुसरे महायुद्ध चालू असताना डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते आपल्या नागपूरला जमले. त्यांनी वीस वर्षांची जी योजना तयार केली ती 'नागपूर योजना' या नावानेच ओळखली जाते. या योजनेत दोन मोठी कामे झाली. पहिले म्हणजे रस्त्यांचे वर्ग ठरले : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय म्हणजे आताचा राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ता. दुसरे काम आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे. चांगल्या शेतीच्या भागात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे आठ किलोमीटरपेक्षा दूर राहू नये, असे उद्दिष्ट ठरले. रस्त्याच्या हिशेबात छावणी आणि खाण यांच्याऐवजी गाव हे माप धरले गेले.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. सिवनी आणि बालाघाट हे आपल्याच राज्यातले भाग होते. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि उत्तरेचा रस्ता खवासाजवळ दोन राज्यांच्या हद्दीने कापला गेला. आपल्या भागाचे तोंड उत्तरेकडून वळून राज्याच्या आतल्या बाजूला झाले. रामटेकला तुमसर-गोंदियाशी जोडणाऱ्या पूर्व-पश्चिम रस्त्याचे महत्त्व त्यानंतर वाढले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावाकडच्या रस्त्यांचे मालक बदलले.

रस्त्याच्या कडेचे पीकही याच काळात बदलत गेले. सूर नदीवरील खिंडसीचा तलाव १९१३ पासून होताच. पुढे तोतलाडोह आणि नवेगाव खैरी येथे पेंच नदी अडविली गेली आणि नहराचे पाणी रामटेक, मौद्याच्या वावरांत आले. जेथे एक धान होऊन जमीन पडीक राहत होती तेथे बारमाही पाणी दिसू लागले. आपला ऊस हा या नहराचा मुलगा आहे. मात्र एका एकरातून निघणारे धान दोन-चार बंड्यांत बसते, उसाला कित्येक ट्रॉल्या लागतात. पाणी बदलले, पीक बदलले, पण पांदण धानाच्या बंडीच्या मापाचीच राहिली. आपल्या अडचणीचे मूळ येथे आहे.

अगदी अलीकडची घटना म्हणजे मुख्य रस्त्याची बढती. उत्तरेचा मोठा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ७ होता, वाराणसी ते कन्याकुमारी. २०१० मध्ये देशातील महामार्गांचे क्रमांक बदलले आणि तो श्रीनगर–कन्याकुमारी महामार्ग ४४ चा भाग झाला. त्यानंतरच्या दशकात आपला मनसर–तुमसर–गोंदिया राज्यमार्गही राष्ट्रीय झाला, त्याचा क्रमांक ७५३. म्हणजे वर्षानुवर्षे ज्याला आपण 'राज्यमार्ग' म्हणत होतो आणि ज्यासाठी जुन्या सवयीने अर्ज लिहीत होतो, त्याचा दर्जा आता वेगळा आहे.

रस्त्याचा सातबारा

जमिनीचा मालक सातबाऱ्यावर कळतो. रस्त्याचा वर्ग कळण्यास कडेचा किलोमीटरचा दगड पाहावा. त्याचा माथा रंगविलेला असतो, खालचा भाग पांढरा.

पिवळा माथा : राष्ट्रीय महामार्ग. मालकी केंद्र सरकारची. काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे असते.

हिरवा माथा : राज्य महामार्ग. राज्याचे सार्वजनिक बांधकाम खाते.

काळा किंवा निळा माथा : जिल्हा मार्ग. यात दोन प्रकार आहेत. 'प्रमुख जिल्हा मार्ग' बहुतेक ठिकाणी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, आणि 'इतर जिल्हा मार्ग' जिल्हा परिषदेकडे.

नारिंगी माथा : गावरस्ता. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यावर तसा फलकही असतो.

दगडच नाही : बहुधा पांदण किंवा शिवरस्ता. गावनकाशात ती दाखविलेली असते. येथे काम ग्रामपंचायत आणि तहसील यांच्याशी. पांदण दुरुस्तीसाठी २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. कोणी वहिवाटीचा रस्ता अडविला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते; मात्र अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वावरात जाण्यास वाटच नसेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून वाट मागता येते.

आपल्या काकाजींची गोष्ट येथे उलगडते. मी त्यांच्याबरोबर रपट्यापर्यंत चालत गेलो. त्यांच्या घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत जेमतेम तीन किलोमीटर अंतर, पण त्यात तीन मालक निघाले. सुरुवातीची पांदण, मधला इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी महामार्ग. फुटलेला रपटा मधल्या तुकड्यात होता, म्हणजे जिल्हा परिषदेकडे. काकाजींचे अर्ज मात्र बाकी सगळीकडे गेले होते. पुन्हा अर्ज लिहिला. गाव, तालुका, रस्त्याचे नाव, रपट्याचे ठिकाण, फोटो, आणि सोबत ग्रामसभेचा ठराव. काम लगेच झाले असे मी म्हणणार नाही. चार हेलपाटे पडले. परंतु या वेळी "आमचा नाही" असे कोणी म्हणू शकले नाही. पावसाळ्याआधी तेथे नळ्या टाकून मोरी झाली.

रस्ता आणि उतारा

आता मूळ मुद्दा, म्हणजे पैसा. ऊस तोडला की त्याचे पाणी आटू लागते आणि वजन घटते. हे नुकसान काट्यावर दिसते. दुसरे नुकसान दिसत नाही. तोडलेल्या कांडीत साखरेचे विघटन सुरू होते, कापलेल्या टोकातून जंतू शिरतात, आणि जी साखर दाणेदार व्हायची ती मळीत जाते. ऊन वाढले की हा वेग वाढतो. आपल्या नागपूरच्या फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात तर फारच. जळालेल्या उसाचे त्याहून वाईट. म्हणूनच तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा, असा आमचा आग्रह असतो.

याचा हिशेब पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरविलेला रास्त व किफायतशीर दर १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे. उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात, कमी झाला की तितकेच घटतात. साडेनऊ टक्क्यांच्या खाली मात्र कपात नाही, तेथे दर ३२९ रुपये ५ पैसे. म्हणजे ०.१ टक्का उताऱ्याचा फरक टनाला ३४ रुपये ६० पैसे होतो. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे ३,४६० रुपये.

आणि हा उतारा एकट्याचा नसतो, सर्व कारखान्याचा सरासरी असतो. तोडणी-वाहतुकीचा खर्चही उसाच्या किमतीतूनच वजा होतो. म्हणून एका रपट्यात फसलेली ट्रॉली ही एका सभासदाची अडचण नव्हे. ती आपल्या सर्वांच्या बिलात फसलेली असते.

आपल्याही चुका

दोष केवळ सरकारला देऊन चालणार नाही. पदविकेच्या वर्गात आम्हाला मातीचे थर शिकविले, रस्त्यालाही थर असतात. खाली मुरूम, त्यावर दगडाचे सोलिंग, मग खडी आणि वर डांबर. वरचे डांबर सर्वांना दिसते, पण रस्ता मरतो तो खालून. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या असल्या की पाणी रस्त्याच्या पोटात मुरते. त्यात आपण कडेची नाली बुजवून धुरा पुढे सरकवितो, उसाचे जादा पाणी रस्त्यावर सोडतो, पाईपलाईनसाठी विनापरवाना रस्ता खोदतो. मग पहिल्याच पावसाळ्यात खड्डा पडतो आणि आपण म्हणतो, ठेकेदार चोर.

दुसरी चूक जादा भराची. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर रात्रंदिवस गाड्या फिरवून मोठी चाचणी घेण्यात आली. तीतून असे दिसले की आसावरचा भार दुप्पट केला तर रस्त्याचे नुकसान दुप्पट होत नाही. साधारण सोळापट होते. एका खेपेचे डिझेल वाचविण्यासाठी आपण ट्रॉली डोंगराएवढी रचतो, आणि ज्या रस्त्यासाठी दोन वर्षे अर्ज केले तो एका हंगामात फोडून टाकतो.

तिसरी चूक सर्वांत महागाची. काही वर्षांपूर्वी रात्री घरी परतताना मी एक अपघात पाहिला. टायर पंक्चर झालेली उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर नाही. एक तरुण मोटारसायकलवरून येऊन त्या उसाच्या मोळ्यांवर आदळला. तो आपल्याच एका सभासदाचा मुलगा होता, आणि ट्रॉलीत ऊसही आपल्याच सभासदाचा होता. मुलगा वाचला नाही. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही घरी जाऊन मी आलो. काय बोलावे ते सुचले नाही. दोन रिफ्लेक्टरच्या किमतीचा विचार आजही मनातून जात नाही.

एवढे कराच

एक : हंगामापूर्वी, दिवाळीच्या सुमारास, वावरापासून मुख्य रस्त्यापर्यंत एकदा पायी चालावे. कोणता तुकडा कोणाचा, हे लिहून ठेवावे. नकाशा कळत नसेल तर गट ऑफिसला यावे, आमचे कर्मचारी मदत करतील.

दोन : अर्ज ज्याचा रस्ता त्याच्याकडेच द्यावा, पोच घ्यावी आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. एकट्याच्या कागदापेक्षा गावाच्या ठरावाला वजन असते. मनसर ते खवासा या भागात महामार्ग चौपदरी होताना वन्यजीवांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत, हे आपण जाता-येता पाहतो. अशी नऊ बांधकामे असून त्यांतले सर्वांत लांब ७५० मीटरचे आहे. वाघाला ती वाट आपोआप मिळाली नाही. त्याच्या वतीने माणसे न्यायालयापर्यंत गेली. आपल्याला तर स्वतःचे तोंड आहे.

तीन : रस्ता राष्ट्रीय झाला की रुंदीकरण येते. भूसंपादनाची अधिसूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत छापली जाते आणि त्या तारखेपासून हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. गट क्रमांक आपला आहे का, हे पाहावे. विहीर, झाडे, पाईपलाईन, उभा ऊस यांची नोंद मोजणीच्या वेळीच करून घ्यावी. रस्त्यालगत घर किंवा गोठा बांधण्यापूर्वी मध्यापासून किती अंतर सोडावे लागते, तेही विचारून घ्यावे.

चार : प्रत्येक ट्रॉली आणि बैलगाडीला मागे लाल रिफ्लेक्टर असावेत. गाडी बंद पडली तर ती डांबरावरून खाली घ्यावी. नुसते दगड ठेवून जाऊ नये, आणि निघताना ते दगड रस्त्यातच सोडून तर मुळीच जाऊ नये.

पाच : ज्या वावरातून गाडी निघण्याची खात्री नाही तेथे टोळी घालू नये. आधी वाट, मग कोयता.

असो. डिझेलच्या प्रत्येक लिटरमागे आपण रस्त्याचा उपकर भरतो. त्यामुळे रस्ता ही कोणाची मेहेरबानी नाही. देवासाठी, फौजेसाठी, खाणीसाठी झालेल्या या रस्त्यावर आता आपल्या उसाचाही हक्क आहे. पण हक्क मागायचा तर रस्ता कोणाचा, हे आधी ठाऊक पाहिजे, आणि तो जपण्याची आपली बाजूही चोख पाहिजे.

काकाजी परवा पुन्हा भेटले. म्हणाले, "साहेब, मोरी झाली जी. आता पांदणीचं पाहू." मी म्हटले, "काकाजी, गावनकाशा काढा. मी येतो."

आपला,
ऊस विकास अधिकारी